आमच्या पोरांची तोंडं विकाऊ नाहीत

बालवाडीत बसलेल्या पोराचा फोटो कोणाच्या मालकीचा? ज्याच्या हातात कॅमेरा आहे त्याच्या? ज्या संस्थेच्या पत्र्याखाली पोरगं बसलंय तिच्या? ज्या शेठच्या देणगीतून खिचडी शिजते त्याच्या? की ज्याचं तोंड त्या फोटोत आहे त्या पोराच्या, आणि त्याला नऊ महिने पोटात वागवणाऱ्या बाईच्या? प्रश्न साधा आहे. उत्तर त्याहून साधं आहे. तरी आपल्या वस्त्यांत रोज ते पायदळी तुडवलं जातं, आणि तुडवणाऱ्याला आपण वर खुर्ची देतो, चहा पाजतो, पोरांकडून टाळ्या वाजवून घेतो.

तुम्ही म्हणाल, दोस्ता, झोपड्यांवर बुलडोझर फिरतोय, कंत्राटदार पगार बुडवतोय, शिकलेली पोरं नाक्यावर बसलीत, आणि तू फोटोचं काय घेऊन बसलास? बसलोय. कारण आपल्याकडे सातबारा नाही, बँकेत ठेव नाही, बापजाद्यांचा वाडा नाही. जन्माला येताना जे मिळालं ते एवढंच, स्वतःचं तोंड. तेसुद्धा कोणी न विचारता उचलून नेत असेल आणि त्यावर आपला गल्ला भरत असेल, तर ती चोरी आहे. चोर मोटारीतून आला, हसत आला, येताना बिस्किटांचे पुडे घेऊन आला, म्हणून चोरीचा धर्म होत नाही.

मी गोदीत हमाली करतो. गोदीचा कायदा मला तोंडपाठ आहे. बोटीतून उतरलेली एक पेटीसुद्धा कागदाशिवाय गेटाबाहेर जात नाही. माल कोणाचा, कुठून आला, कुठे चालला, घेणार कोण, नग किती, सगळं लिहिलेलं असतं. डिलिव्हरी ऑर्डर लागते, कस्टमचा शिक्का लागतो, गेट पास लागतो. एक नग कमी भरला तर मुकादमापासून साहेबापर्यंत सगळ्यांची झोप उडते. आणि परवान्याशिवाय गोदीत फोटो काढायला मनाई. गंजलेल्या क्रेनचा फोटो काढलात तरी बंदूकवाला येऊन मानगूट धरतो. म्हणजे या देशात लोखंडाला पडदा आहे. त्याच गोदीच्या भिंतीपलीकडे, पाच मिनिटांच्या वाटेवर, आमची तीन-चार वर्षांची पोरं बालवाडीत बसतात. तिथे कोणीही येतो, मोबाईल काढतो, पन्नास फोटो मारतो आणि निघून जातो. ना नोंद, ना पावती, ना गेट पास. लोखंडाची पेटी परदेशी जायची तर दहा कागद. आमच्या पोराचं तोंड परदेशी जायचं तर एकही नाही.

आता एक घडलेली गोष्ट सांगतो. संस्थेचं नाव घेत नाही, कारण अशी ती एकटी नाही.

आमच्या गल्लीतल्या एका पोराचा फोटो संस्थेच्या कॅलेंडरवर छापून आला. पोरगं चार वर्षांचं. अंगात फाटकं बनियान, पुढ्यात ताटली, मान वर करून बघतंय. खाली इंग्रजीत ओळ. अर्थ असा की याला बाप नाही, याच्या पोटात दोन दिवस अन्न नाही, तुम्ही मदत केली तरच हा जगेल. कॅलेंडर आमच्या हाती कसं लागलं? गल्लीतलाच एक जण फोर्टातल्या एका ऑफिसात शिपाई आहे. साहेबाच्या केबिनमध्ये भिंतीवर त्याला आपल्या गल्लीतलं पोरगं दिसलं.

त्या पोराचा बाप माझ्याच गँगमध्ये आहे. माझ्या शेजारी उभा राहून गोणी उचलतो. दारू पीत नाही. पगार झाला की आधी बायकोच्या हातात देतो. पोरानं त्या दिवशी सदऱ्यावर डाळ सांडली होती, म्हणून बाईंनी सदरा काढून वाळत टाकला होता. एवढंच. जिवंत बापाला मेलेला करायला एक ओळ पुरली. मी कविता करतो, म्हणून सांगतो, फोटोपेक्षा फोटोखालची ओळ जास्त घातकी असते. फोटो अर्धंच बोलतो. उरलेलं अर्धं पगारी माणूस बसून लिहितो, आणि त्याला आपल्या गल्लीचं नावसुद्धा माहीत नसतं.

आई विचारायला गेली. तिला एक कागद दाखवला. म्हणाले, ही बघा तुमची सही. प्रवेशाचा फॉर्म, तीन पानांचा, इंग्रजी. त्यात कुठेतरी एक ओळ होती की संस्थेला मुलाचे फोटो वापरायची परवानगी आहे. बाई मराठी चौथी शिकलेली. तिने सही केली ती पोराला जागा मिळावी म्हणून. ती घरी येऊन मला जे म्हणाली ते मी विसरणार नाही. म्हणाली, "भाऊ, फोटोच काढायचा होता तर आदल्या दिवशी सांगायचं ना. मी त्याला न्हाऊ घातलं असतं."

या एका वाक्यात सगळा प्रश्न आला. आपल्या आया फोटोच्या विरोधात नाहीत. उलट फोटोची हौस आपल्याला जास्त. पोर पहिल्यांदा फोटोला बसवायचं तर आई त्याला तेल लावते, भांग पाडते, पावडर फासते, नवा झबला चढवते, आणि निघता निघता गालावर काळी तीट लावते, दृष्ट लागू नये म्हणून. स्टुडिओतल्या त्या फोटोत पोरगं राजासारखं बसलेलं असतं. मागे पडद्यावर रंगवलेला बंगला. तो बंगला खोटा, पण फोटो खरा, कारण आपल्याला जगाने कसं बघावं हे आईने ठरवलेलं असतं. बालवाडीतल्या फोटोत ते ठरवतो दुसराच. त्याला न्हालेलं पोर नको असतं. त्याला शेंबूड हवा असतो. माशी बसली तर फारच उत्तम.

ते पोरगं आता पहिलीत आहे. शाळेत त्याला नावाने कोणी हाक मारत नाही. 'कॅलेंडर' म्हणतात.

आता सहीचं बघू. संमती म्हणजे काय? आम्हा हमालांना कोऱ्या व्हाउचरवर सही म्हणजे काय हे शिकवावं लागत नाही. कंत्राटदार म्हणतो, सही कर, नाहीतर उद्यापासून येऊ नकोस. आम्ही करतो. ती आमची संमती असते का? ती आमची भूक असते. तसंच बालवाडीचं. एका हातात खिचडीचा डबा आणि दुसऱ्या हातात पेन देऊन जी सही घेतली, ती आईची सही नव्हे, ती डब्याची सही. जिथे नाही म्हणता येत नाही तिथे हो ला अर्थ नसतो. 'बायका काही बोलल्या नाहीत' असं संस्थावाले सांगतात. अहो, आमच्या आज्या पाटलाच्या वाड्यासमोरसुद्धा काही बोलत नव्हत्या. ते गप्प राहणं त्यांना कबूल होतं, असं तुम्ही लिहून ठेवणार काय?

बलुत्यासाठी वेठ करावी लागे हे आपण म्हाताऱ्यांकडून ऐकलंय. शिळ्या भाकरीच्या बदल्यात गावाची घाण आणि मेलेली ढोरं. आता खिचडीच्या बदल्यात पोराचं तोंड. वेठीचा साहेब बदलला, मोबदला तोच राहिला.

आणि हे सगळ्यांच्याच पोरांच्या वाट्याला येतं का? नाव काढू नका. मोठ्या वस्तीतल्या नर्सरीत प्रवेशाच्या कागदांत फोटोसाठी वेगळा चौकोन असतो. हो की नाही, खूण करा. न विचारता एखादा फोटो शाळेने टाकलाच तर दुसऱ्या दिवशी बापाच्या वकिलाचं पत्र मुख्याध्यापिकेच्या टेबलावर. नटनट्या तान्ह्या पोरांचे फोटो काढू नका म्हणून कॅमेरावाल्यांना विनंती करतात आणि कॅमेरावाले मानतातही. स्वतःच्या पोराचा फोटो सगळ्यांना दाखवताना ही माणसं त्याच्या तोंडावर हसरा पिवळा गोळा चिकटवतात. त्यांच्या पोराच्या तोंडावर पिवळा गोळा आणि आमच्या पोराच्या तोंडावर माशी. दोघंही चार वर्षांची. दोघांचीही नर्सरी. एकाच्या तोंडाला अब्रू आहे, दुसऱ्याचं तोंड सार्वजनिक नळासारखं, कोणीही यावं आणि भरून घ्यावं. यातून जात आणि वर्ग वजा करून दाखवा, मी लिहिणं सोडतो.

बालवाडी मुळात यासाठी निघाली नव्हती. १९४५ साली बोर्डीला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी काम सुरू केलं. आदिवासी पोरं शाळेत येत नाहीत, तर शाळा त्यांच्या अंगणात न्यायची, अशी ती कल्पना. तिथून 'अंगणवाडी' हा शब्द रूढ झाला. पुढे २ ऑक्टोबर १९७५ ला सरकारने एकात्मिक बालविकास योजना सुरू केली आणि देशभर हाच शब्द पसरला. या शब्दाकडे नीट बघा. अंगण हा घराचाच भाग. आपल्याकडे परका माणूस अंगणात शिरताना हाक मारतो. कोणी आहे का घरात, म्हणून विचारतो. आतून बाईचा आवाज आला तरच पाऊल पुढे टाकतो. पोरांच्या शाळेला अंगण म्हणायचं आणि त्यात न विचारता कॅमेरा घेऊन घुसायचं, हे कुठल्या रीतीत बसतं?

रीत जाऊ द्या, कायदा बघा. कायदा आपल्या बाजूने आहे, फक्त तो आपल्या गल्लीपर्यंत चालत येत नाही. २४ ऑगस्ट २०१७ ला सुप्रीम कोर्टाच्या ९ न्यायमूर्तींनी एकमताने सांगितलं की खाजगीपणा हा घटनेने दिलेला मूलभूत अधिकार आहे. घटना कोणी लिहिली ते आपल्याला सांगायला नको. त्या निकालात कुठे असं लिहिलेलं नाही की हा अधिकार फ्लॅटवाल्यांना आहे आणि पत्र्यावाल्यांना नाही. २०१५ च्या बाल न्याय कायद्याचं ७४ वं कलम सांगतं की चौकशी-खटल्यात आलेल्या किंवा संरक्षणाची गरज असलेल्या मुलाचं नाव, पत्ता, शाळा, फोटो उघड करायचा नाही. सहा महिने कैद, दोन लाखांपर्यंत दंड. २०१२ च्या पॉक्सो कायद्यात अत्याचार झालेल्या मुलांसाठी तशीच बंदी आहे. एप्रिल २०१८ मध्ये कठुआच्या त्या आठ वर्षांच्या मुलीची ओळख उघड केली म्हणून दिल्ली हायकोर्टाने वर्तमानपत्रं आणि वाहिन्यांना प्रत्येकी १० लाख रुपये भरायला लावले होते.

मग २०२३ साली डिजिटल व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला. त्यात १८ वर्षांखालचं प्रत्येक माणूस बालक. त्याची माहिती संगणकात, मोबाईलमध्ये घेण्याआधी आईबापाची खात्रीलायक संमती हवी. आणि संमती कशी, तर मोकळी, विशिष्ट कामापुरती, समजून दिलेली, बिनअटीची. नोटीस घटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या कुठल्याही भाषेत मागता येते. म्हणजे मराठीत येते, उर्दूत येते. दिलेली संमती काढून घेता येते, आणि देणं जितकं सोपं तितकंच काढणं सोपं हवं. मुलांबाबतचं कर्तव्य मोडलं तर २०० कोटींपर्यंत दंड. या कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले आणि त्यांनी मुख्य कलमं पाळायला १८ महिन्यांची मुदत दिली. शाळांना, पाळणाघरांना थोडी सूट आहे. पण ती मुलांवर लक्ष ठेवण्यापुरती, त्यांच्या शिक्षणासाठी किंवा सुरक्षिततेसाठी. देणगीचं कॅलेंडर त्या सुटीत बसत नाही.

आता त्या तीन पानी इंग्रजी फॉर्मला हा कायदा लावून बघा. मोकळी? नाही. समजून दिलेली? नाही. विशिष्ट कामापुरती? नाही. बिनअटीची? नाही. तरी तो फॉर्म छातीठोकपणे दाखवला जातो, कारण समोरच्या बाईला यातलं काहीच ठाऊक नाही याची दाखवणाऱ्याला खात्री असते.

हे खाजगी संस्थांचं झालं. सरकार तरी कुठे धुतल्या तांदळाचं आहे? मार्च २०२१ मध्ये पोषण ट्रॅकर नावाचं ॲप आलं. १ जुलै २०२५ पासून घरी न्यायचा शिधा देताना चेहरा ओळखायची पद्धत सक्तीची केली. गरोदर बाईने, अंगावर पाजणाऱ्या आईने, तान्ह्या पोराच्या पालकाने मोबाईलसमोर तोंड धरायचं, ते जुळलं तर पिशवी मिळणार. तोंड जुळत नाही, रेंज येत नाही, शिधा अडतो, अशी ओरड ठिकठिकाणच्या सेविकांनी केली. म्हणजे खिचडीच्या बदल्यात तोंड हा व्यवहार आता सरकारी झाला. आणि २०२३ च्या कायद्यात सवलती, लाभ देताना सरकारने स्वतःसाठी संमतीच्या अटीतून पळवाट ठेवलीच आहे. आपल्यासाठी कुलूप, त्यांच्यासाठी मागचं दार.

इथे एक गोष्ट ठणकावून सांगतो. बालवाडीच्या बाईंना शिव्या घालू नका. त्या आपल्यातल्याच आहेत. त्यांचं मानधन आपल्या हजेरीपेक्षा फार वेगळं नाही. वरून हुकूम येतो, फोटो पाठवा, पुरावा पाठवा, त्या पाठवतात. २०२१ साली महाराष्ट्रातल्या अंगणवाडी सेविकांनी निकृष्ट सरकारी मोबाईल परत केले होते. ती हिंमत आपल्या बाजूची आहे. भांडण बाईंशी नाही. बाईंना फोटो मागणाऱ्याशी आहे.

हा धंदा फक्त आपल्याच वस्तीत चालतो असंही नाही. जगातला भुकेल्या पोराचा सगळ्यात गाजलेला फोटो घ्या. मार्च १९९३, सुदान. अन्नछत्राच्या वाटेवर एक लहान पोर मान टाकून बसलंय आणि मागे गिधाड. केविन कार्टरने काढलेला तो फोटो 'न्यूयॉर्क टाइम्स'ने छापला. १९९४ मध्ये त्याला पुलित्झर पारितोषिक मिळालं. जग त्या पोराला 'मुलगी' म्हणत राहिलं. वाचकांनी विचारलं, तिचं पुढे काय झालं? ती अन्नछत्रापर्यंत पोचली की नाही ठाऊक नाही, असं वर्तमानपत्राला छापावं लागलं. २०११ साली एका स्पॅनिश वर्तमानपत्राची माणसं त्या गावात गेली तेव्हा कळलं की ती मुलगी नव्हतीच, मुलगा होता. त्याचं नाव कोंग न्योंग. त्या दुष्काळातून तो जगला होता आणि पुढे मोठा होऊन तापाने गेला होता. म्हणजे १८ वर्षं त्या पोराचं तोंड जगभर फिरलं आणि ते मुलगा की मुलगी एवढंही कोणाला माहीत नव्हतं. कार्टरबरोबर त्या दिवशी असलेल्या दुसऱ्या छायाचित्रकाराने नंतर सांगितलं की पोरांचे आईबाप तिथेच, उतरलेल्या विमानातून धान्य घ्यायला धावले होते. इतके जवळ. विचारायला किती वेळ लागला असता? कार्टर स्वतः १९९४ मध्येच आत्महत्या करून गेला. मेलेल्या माणसावर दगड मारत नाही मी. पण नावाशिवायचा फोटो हा अर्धवट पुरलेल्या माणसासारखा असतो, एवढं म्हणतो.

कोणी शहाणा इथे मला पेचात धरेल. म्हणेल, मग काय, फोटोच काढू नये? अत्याचार झाला, पोर उपाशी मेलं, ते जगाला दिसूच नये? दिसावं. पण दाखवायचं की नाही ते ठरवणार कोण? १९५५ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेतल्या मिसिसिपी राज्यात एमेट टिल नावाच्या १४ वर्षांच्या काळ्या पोराला गोऱ्यांनी हालहाल करून मारलं आणि नदीत टाकलं. प्रेत शिकागोला आईकडे आलं. मेमी टिल हे त्या आईचं नाव. तिने शवपेटी उघडी ठेवायला लावली. माझ्या पोराचं काय केलंय ते जगाला बघू दे, असं तिने ठरवलं. 'जेट' या काळ्या लोकांच्या साप्ताहिकाने ते विद्रूप केलेलं तोंड छापलं आणि अमेरिकेतला काळा माणूस हादरून उठला. त्या फोटोची सगळी ताकद कुठून आली? आईच्या निर्णयातून आली. तेच तोंड तिला न विचारता कोणी देणगीच्या पत्रकावर छापलं असतं, तर तो त्या पोराचा दुसरा खून झाला असता. लाज आणि लढा यांत अंतर किती? आईला विचारलं की नाही, एवढंच.

दुसरा शहाणा म्हणेल, फोटो नाही तर देणगी नाही, देणगी नाही तर खिचडी नाही. मी विचारतो, खिचडीचा फोटो काढा ना. भांड्याचा काढा, भिंतीवरच्या मुळाक्षरांचा काढा, पाठमोऱ्या बसलेल्या पोरांचा काढा, हिशेबाच्या वहीचा तर जरूर काढा. ज्या देणगीदाराला पोराचा शेंबूड बघितल्याशिवाय पाझर फुटत नाही, त्याला पोराच्या भुकेशी देणंघेणं नाही, स्वतःच्या मोठेपणाशी आहे. आणि मुळात आमच्या पोराच्या तोंडी घास जाणं हे एखाद्या शेठच्या कळवळ्यावर का अवलंबून असावं? तो त्याचा हक्क आहे. हक्काला फोटो लागत नाही.

तिसरा म्हणेल, फोटोने काय बिघडतं? ऐका. एखादी बाई नवऱ्याच्या माराला कंटाळून पोर घेऊन दुसऱ्या वस्तीत येऊन राहते. पोराला बालवाडीत घालते. संस्था फोटो टाकते, वर बालवाडीचं नाव, वस्तीचं नाव. नवरा मोबाईलवर बघतो आणि दुसऱ्या दिवशी दारात. बिघडलं की नाही? आजकाल एका साध्या फोटोवरून यंत्र वाटेल ती घाणेरडी, खोटी चित्रं बनवून देतं. पोरीचा आंघोळीचा, उघड्या अंगाचा फोटो एकदा बाहेर गेला की तो कुठल्या कुठल्या नरकात फिरेल याचा पत्ता लागत नाही. टाकणाऱ्याने पुसला तरी तो पुसला जात नाही. पोर मोठं होतं, नोकरीला जातं, लग्न ठरतं, आणि कुठेतरी भिंतीवर ते अजून चार वर्षांचं, उपाशी आणि बिनबापाचं असतं.

आणि आता आपल्याच घरात झाडू मारू. १४ एप्रिलला आपली मंडळं बालवाडीतल्या पोरांना वह्या वाटतात. चांगली गोष्ट. पण वही एक आणि ती धरायला हात सहा. मध्ये पोर, आजूबाजूला गळ्यात निळे पंचे घातलेले कार्यकर्ते, सगळ्यांची नजर कॅमेऱ्याकडे. पोर बिचारं वही मिळायची वाट बघतंय आणि फोटो नीट येईपर्यंत वही सुटत नाही. रात्री तो फोटो तीनशे ठिकाणी फिरतो. मग शेठमध्ये आणि आपल्यात फरक काय? त्याच्या कॅलेंडरवर आमचं पोर उपाशी, तुमच्या बॅनरवर लाचार. घेणाऱ्याची मान खाली घालून दिलेली वही बाबासाहेबांच्या नावाने वाटू नका. वाटायचीच तर मोबाईल खिशात ठेवून वाटा.

म्हणून प्रत्येक वस्तीतल्या पोरांनी आपापल्या बालवाडीत जाऊन पुढच्या गोष्टी मागाव्यात. मागाव्यात म्हणजे विनंती नव्हे.

१. फोटोच्या परवानगीचा कागद प्रवेशाच्या फॉर्मपासून वेगळा. मराठीत, हिंदीत, उर्दूत, आईला जी भाषा येते त्या भाषेत. वाचता येत नसेल तर मोठ्याने वाचून दाखवायचा. फोटो कशासाठी, कुठे लागणार, किती दिवस राहणार, सगळं त्यात लिहायचं.

२. 'नाही' म्हणणाऱ्या आईच्या पोराला तीच खिचडी, तीच जागा, तीच वागणूक.

३. आज 'हो' म्हटलेल्या आईला उद्या 'नाही' म्हणता आलं पाहिजे, आणि मग फोटो काढून टाकला पाहिजे.

४. आंघोळ घालताना, उघड्या अंगाने, आजारात, वजनकाट्यावर लोंबकळताना पोराचा फोटो नाही. कोणीही 'हो' म्हटलं तरी नाही.

५. फोटोखाली काय छापणार ते आधी आईबापाला ऐकवायचं. बाप जिवंत असेल तर त्याला मारायचा नाही.

६. छापलेल्या प्रत्येक फोटोची पहिली प्रत पोराच्या घरी.

सहावी मागणी वाचून काहीजण हसतील. हसू नका. त्या कॅलेंडरची प्रत त्या आईला आजतागायत मिळालेली नाही. साहेबाच्या केबिनमध्ये तिचा पोरगा बारा महिने टांगला होता आणि तिच्या घरात त्याचा एकही फोटो नाही.

यातलं काही अवघड नाही. यासाठी मोर्चा लागत नाही, पुढारी लागत नाही. संध्याकाळी गल्लीतल्या दहा आयांना एकत्र बसवा. हा कायदा त्यांना त्यांच्या भाषेत सांगा. मग सकाळी त्यांच्याबरोबर बालवाडीत जा आणि तो तीन पानी फॉर्म मागा. वाचून दाखवा म्हणा. एक एक ओळ, सावकाश. जिथे फोटोची ओळ येईल तिथे थांबवा. आणि परत येताना दारावर एक पाटी ठोका, गोदीच्या गेटावर असते तशी, ठळक अक्षरांत: फोटो काढण्यास मनाई. आधी आईला विचारा.

खिळे आणि हातोडी माझ्याकडे आहेत. ज्या वस्तीला लागतील तिने निरोप पाठवावा.